मे महिन्यात लेक सामामिशवर वेकबोर्डिंग, अंगावर नक्की काय घालायचं?

तळ्यात_मळ्यात:
मंडळी, आम्ही सिअ‍ॅटलजवळ रेडमंडला राहतो. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने बोट घेतलीये आणि मेच्या दुसऱ्या वीकेंडला सामामिश तळ्यावर वेकबोर्डिंगला (बोटीमागे दोरी धरून फळीवर उभं राहून घसरत जायचं) जायचा बेत ठरलाय. गेल्या ऑगस्टात मी नुसता स्विमसूट आणि लाइफ जॅकेट घालून केलं होतं, काही त्रास नाही झाला. आता सगळे घाबरवतायत की पाणी गारढोण असतं, पण बाहेर तर मस्त ऊन पडतं की, ७० फॅरनहाइटच्या वर जातं कधीकधी, मग एवढं काय? वेटसूट घेऊ की ड्रायसूट, हातमोजे लागतात का, दुकानात ३/२, ४/३ असले आकडे बघून डोकं गरगरलं. मला थंडी जरा जास्तच वाजते, घरातही मोजे घालून बसते. बजेट फार नाही, सीझनमध्ये तीन-चारदाच जाणार.

ओला_भोपळा:
ताई, ऊन बघून फसू नका, कपडे पाण्याच्या हिशोबाने घालायचे, हवेच्या नाही. मेमध्ये हवा तापते पण तळं मागेच रेंगाळतं, वरचं पाणी ५५ ते ६०च्या आसपास म्हणजे साधारण १३-१५ सेल्सिअस धरून चला, ऑगस्टातलं ते ७०च्या वरचं वेगळं. किंग काउंटीने तळ्यात तरंगती मोजणी-यंत्रं (buoy) लावलीयेत, पाण्याचं तापमान ऑनलाइन दिसतं, निघायच्या आदल्या दिवशी बघा.

आकड्यांचं सोपं आहे, ४/३ म्हणजे छाती-पोटावर ४ मिलिमीटर निओप्रीन (वेटसूटचं रबरी फोमसारखं कापड) आणि हातापायांवर ३, म्हणजे हालचालीला अडत नाही. तुम्ही काकडणाऱ्यांपैकी आहात तर फुल ४/३ घ्या, ३/२ जूनच्या शेवटी ठीक. पण जाडीपेक्षा फिटिंग महत्त्वाचं, हे दुकानवाला सांगेलच असं नाही. आत शिरलेलं थोडंसं पाणी अंगाच्या उबेने तापतं आणि तिथेच अडकून राहतं तोवर ठीक, सूट ढगळ असला की दर पडण्यात ते पाणी निघून नवं गार पाणी आत येतं आणि वेकबोर्डिंगमध्ये आपण पडतोच पडतो. घालून उकिडवं बसून बघा, कमरेच्या मागे पोकळी राहिली तर तो सूट परत ठेवा. घालताना पाच मिनिटं झटापट झाली, घाम फुटला, तर समजा माप बरोबर आहे. शिवणही बघा, साध्या फ्लॅटलॉक शिवणीत सुई आरपार गेलेली असते, तिथून पाणी झिरपतं, चिकटवून आतल्या आत शिवलेला सूट महाग पण मेसाठी तोच बरा.

वाकडा_फणस:
वरच्यांचं पटतं, फक्त ड्रायसूटला एकदम काट मारू नका. मी मार्चपासून जातो, तेव्हा ड्रायसूटच. गळ्याला, मनगटाला लॅटेक्सचे सील असतात, आत पाणीच येत नाही. पण त्याला स्वतःची ऊब नसते, आत फ्लीस नाहीतर थर्मल घालावं लागतं, कॉटन नको, घामाने ओलं झालं की संपलं. पाण्यात उतरण्याआधी गळ्याचा सील बोटाने जरासा ओढून खाली बसायचं म्हणजे आतली हवा फुस्स करून निघते, नाहीतर पाण्यात फुगा होतो तुमचा. आणि डोकं सहज आत जावं म्हणून सीलला खोबरेल तेल लावणारे महाभाग पाहिलेत मी, लॅटेक्स तेलाने खराब होतं हो, टाल्कम पावडर लावा. कानातले, मंगळसूत्र, अंगठ्या घरीच ठेवा, सील फाटतो आणि दोरीच्या हँडलपाशीही नकोच ते.
तीन-चारदाच जाणार असाल तर मात्र एवढा खर्च नका करू.

बव्हेरियाची_सून:
मी म्युनिकजवळ आशहाइमच्या केबल पार्कला जाते, तिथे बोटीऐवजी वरून जाणारी तार ओढते आणि आपली पाळी येईपर्यंत ओल्या अंगाने वाऱ्यात उभं राहावं लागतं, खरी हुडहुडी तेव्हा भरते. तुमचं बोटीवर तेच होणार. वेटसूटवरचं कापडी अस्तर पाणी धरून ठेवतं आणि वारा लागला की ते सुकताना अंगातली ऊब ओढून नेतं. म्हणून बोटीत बसताना वरून वारा न लागणारं मोठं जॅकेट नाहीतर टोपीवाला टॉवेल-पोंचो, आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा.

पायांचं: बोर्डावरच्या बूटात पातळ निओप्रीनचे मोजे चालतात, पण जाड मोजे कोंबून बूट आवळला तर रक्तच फिरत नाही, पाय उलट जास्त बधिर होतात. डोक्याला पातळ निओप्रीनची टोपी घाल गं, वर्षानुवर्षं गार पाणी-वारा कानात गेला की कानाच्या नळीत हाड वाढतं, सर्फर्स इअर म्हणतात त्याला.

ओला_भोपळा:
हातमोज्यांचं राहिलंच. मला विचाराल तर पाणी ५५ फॅरनहाइटच्या खाली असेल तरच, तेही २ मिलिमीटरचे. जाड मोज्यात हँडल नीट पकडता येत नाही, मग जोर लावून मनगट आणि कोपराच्या आतलं दुखतं.

वाकडा_फणस:
नाही पटत. बोटं बधिर झाली की हँडल तसंही सुटतं. पातळ मोजे बॅगेत असू द्या, पाणी बघून ठरवा.
आणि एक गंभीर गोष्ट, मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्ट १-१०-१ सांगतात, बर्फगार पाण्यात पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, नंतर साधारण १० मिनिटं हातपाय चालतात आणि शुद्ध जायला १ तासाच्या आसपास. तुमचं पाणी इतकं गार नाही, पण पहिला धाप लागण्याचा झटका १५ सेल्सिअसलाही बसतो, म्हणून उतरताना उडी मारू नका, मागच्या प्लॅटफॉर्मवर बसून हळूहळू उतरा आणि श्वास सावरल्यावरच दोरी मागा.

तळ्यात_मळ्यात:
बापरे, खूप आभार सगळ्यांचे! ४/३च बघते, आधी भाड्याने मिळतो का ते. लाइफ जॅकेट ऑगस्टातलंच चालेल ना? मैत्रिणीकडे एक पातळ छानसं आहे, कॉम्प व्हेस्ट म्हणाली.

ओला_भोपळा:
कॉम्प व्हेस्टला कोस्ट गार्डची मान्यता नसते आणि वॉशिंग्टनमध्ये बोटीमागे जाताना मान्यतेचं जॅकेट अंगात हवंच, फुगवायचं चालत नाही. आतला शिक्का बघून घ्या. ऑगस्टातलं जॅकेट सूटवर चढवून घरीच ट्राय करा, ४ मिलिमीटरवर चेन लागत नाही बऱ्याचदा, लागली तरी खोल श्वास घेता येतोय ना ते बघा. आणि बोटवाल्याला सांगा ड्रायव्हरशिवाय मागे बघणारा एक माणूस आणि लाल किंवा भगवा झेंडा लागतो, नवऱ्याला ते काम द्या.