फोर्टनाइट म्हणजे अर्धा महिना नव्हे

'फोर्टनाइट' (fortnight) या इंग्रजी शब्दाचा अर्थ कुणी कुणी 'पंधरवडा, म्हणजे अर्धा महिना' असा देतात. बोलण्यापुरतं ठीक आहे, पण पैशाच्या हिशोबात तो नक्की चुकवेल. फोर्टनाइट म्हणजे चौदा रात्री, बरोबर दोन आठवडे. आपला पक्ष तिथींवर चालतो, त्यामुळे त्याचे दिवस कमीजास्त होतात. फोर्टनाइट मात्र १४ चाच.

ऑस्ट्रेलियात बऱ्याच ठिकाणी पगार फोर्टनाइटलाच होतो. २,४०० डॉलर हातात येत असतील तर दुप्पट करून महिन्याचे ४,८०० धरू नका. वर्षात २६ पगार होतात. २६ ने गुणून १२ ने भागा, महिन्याची सरासरी ५,२०० येते. पण वर्षातल्या साधारण दोन महिन्यांत तीन-तीन पगार पडतात, एरवी दोनच. म्हणून सरासरी ५,२०० असली तरी महिन्याच्या खर्चाचं बजेट दोन पगारांवरच बसवावं.

गृहकर्जाचा हप्ता फोर्टनाइटला लावणार असाल तर बँकेला आधी विचारा: मासिक हप्त्याचा निम्मा घेणार, की वर्षाची रक्कम भागिले २६? निम्मा घेतला तर वर्षात तेरा महिन्यांचे हप्ते जातात आणि कर्ज लवकर फिटतं. दुसऱ्या पद्धतीत हा फायदा जवळजवळ उरतच नाही.