मदत हवी आहे: भाऊंच्या जागी कोणाला नेमावं?

नमस्कार मंडळी. साक्री तालुक्यातल्या एका लहान संस्थेचा मी विश्वस्त. दोन गावांच्या टेकड्यांवर पाणी अडवायला सलग समतल चर, गवत, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, एवढंच आमचं काम. ते उभं करणारे भाऊ आता बहात्तरीचे, गुडघे साथ देत नाहीत. दिवाळीनंतर सुटका करा म्हणतात. पगारी संचालक नेमायचा आहे.

दोन नावं उरलीत. एक पुण्याचा, समाजकार्यातला एमएसडब्ल्यू, सीएसआरचे म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीचे प्रस्ताव लिहिण्यात वाघ. टेकडीवर नेला तर अर्धा वेळ मोज्यांतली कुसळं उपटत बसला. (या दिवसांत मोजे घालून गवतात शिरू नये, हे सांगायचं आम्हीच विसरलो म्हणा.) दुसरी गावचीच सून, बारावी झालेली, बचत गटाचा हिशेब चोख. गेल्या साली मेंढ्या बंदीच्या पट्ट्यात शिरल्या, तेव्हा पोरं काठ्या घेऊन निघालेली. हिने ठेलारी मेंढपाळांना चहा पाजला, नाल्यापलीकडचं पडीक दाखवलं, दंडही वसूल केला. इंग्रजी मेल आला की मात्र माझ्याकडे फोन.

बाकी विश्वस्तांचा कल पुण्याकडे. मला धास्ती वाटते. मागे एक बाहेरचा नेमला होता, सात महिन्यांत गेला. त्या काळातली दंडाच्या वहीची पानं कोरी आहेत. गावातले आबा तर तोंडावर म्हणाले, "भाऊ गयात का कुऱ्हाडी चालू व्हतीन." आमच्याच तालुक्यात बारीपाड्याचं जंगल राखणाऱ्या चैत्राम पवारांना 2025 साली पद्मश्री मिळाली, तेही गावातलेच. पण प्रत्येक गावाला असा माणूस कुठून आणायचा?

मुलाखतीत नेमकं काय तपासावं? आणि भाऊ विश्वस्त म्हणून राहिले तर नव्या माणसाचं कोणी ऐकेल का?

प्रतिसाद १: मुलाखत कसली घेता! गवत कापणी आलीच आहे. दोघांना दोन रात्री गावात मुक्कामी ठेवा. कोणाला किती पेंढ्या यावरून भांडण होणारच, तेव्हा तुम्ही मध्ये पडू नका, बघत बसा. प्रस्ताव अर्धवेळ माणूसही लिहून देतो, मेंढ्या अर्धवेळ येत नाहीत.

प्रतिसाद २: आधी भाऊंचं बघा. आमच्याकडे संस्थापक "फक्त सल्ल्याला" राहिले, तर गाव निर्णयाला त्यांच्याच ओट्यावर. बँकेतली सही पहिल्या महिन्यात बदला. विश्वस्तपद सोडणार असतील तर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) टाका, नंतर फार पायपीट होते.

धागाकर्ता: आभार. कापणीला दोघांना बोलावतो. सहीचं भाऊंना कोणी सांगायचं, यावर रविवारी बैठक ठेवली आहे. भाऊंच्याच घरी.