वारा पडला म्हणजे धोका टळला असं नाही

शेतात औषध पहाटे वारा पडलेला असताना फवारलं की शेजारच्या घरांना त्रास होत नाही, असं म्हणतात. गडबड तिथेच आहे. तेव्हा जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. बारीक थेंब खाली न बसता थरासारखे तरंगत राहतात आणि जरा झुळूक आली की थेट अंगणात, दोरीवरच्या कपड्यांवर. आसपासचा धूर वर न चढता आडवा पसरताना दिसला तर पंप सुरूच करू नये. त्यापेक्षा घरांच्या उलट दिशेला वाहणारा हलका वारा बरा. साधारण १५० मायक्रॉनपेक्षा (म्हणजे ०.१५ मिलिमीटर) बारीक थेंब सगळ्यात जास्त भरकटतात, म्हणून दाब कमी आणि जाड थेंबांचा नोझल (फवाऱ्याचं तोंड) वापरावा. (बरेच जण नेमकं उलटं करतात, फवारा धुक्यासारखा दिसला की काम झाल्यासारखं वाटतं!) आणि आदल्या दिवशी शेजाऱ्यांना एक फोन करायला काय जातं? खिडक्या तरी लावून घेतील.