रेपो दर बदलला की पैसे हलवायचे का?

विश्रामबागकर
रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने उसने पैसे देते त्या रेपो दराचा निर्णय, सकाळी दहाला जाहीर होतं आणि साडेदहाच्या आत आमच्या सांगलीतल्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात. ‘पाव टक्का कमी, बँकांचे शेअर उचला.’ ‘एफडी मोडा, गिल्ट फंडात (सरकारी रोख्यांच्या म्युच्युअल फंडात) टाका.’ माझं स्पष्ट मत आहे, त्या दिवशी कुणीही काही हलवू नये.

सगळ्यांना अपेक्षित असलेली कपात भावात आधीच धरलेली असते. 7 फेब्रुवारी 2025 ला जवळपास पाच वर्षांनी पहिली कपात झाली, रेपो 6.50 वरून 6.25 वर आला. सेन्सेक्स त्या दिवशी उतरून बंद झाला. 9 एप्रिलला दुसरी कपात, पुन्हा घसरण. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या आयातशुल्काची धास्ती होती हे मान्य, पण म्हणजे बाजार एकट्या रेपोकडे बघत नाही हेच खरं ना? 6 जूनला मात्र बहुतेकांनी पाव टक्का धरला होता आणि अर्धा टक्का आला, शिवाय सीआरआरही (बँकांना ठेवींपैकी रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागणारा हिस्सा) टप्प्याटप्प्याने एक टक्क्याने कमी करायचं ठरलं. सेन्सेक्स सुमारे 750 अंक वर. याच्या उलट 4 मे 2022. ठरलेली बैठक नसताना भर दुपारी 0.40 टक्के वाढ, आणि सेन्सेक्स 1,300 हून जास्त अंक खाली. अशी बातमी आपल्या मोबाइलवर येईपर्यंत भाव बदललेला असतो.

मिरज_जंक्शन
शेअरवाल्यांपुरतं ठीक. पण ठेवीच्या व्याजावर घर चालतं त्यांनी हललंच पाहिजे, आणि वेळेत. 10 लाखांवर 7 टक्क्यांनी वर्षाला 70,000 येतात, सव्वासहा टक्क्यांनी 62,500. महिन्याला सव्वासहाशे रुपये कमी. आमच्या आईबाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यात बसतात. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2024 मध्ये आपली भूमिका ‘तटस्थ’ केली, म्हणजे दर पुढे कुठेही जाऊ शकतो, कपातही होऊ शकते; दर तेव्हा तसाच होता. मी त्याच आठवड्यात बाबांना तीन वर्षांची ठेव करायला लावली. संकेत ऐकायचेच नाहीत असं सांगून तुम्ही ज्येष्ठांचं नुकसान करताय.

विश्रामबागकर
ताई, ऐकू नका असं मी म्हटलेलं नाही. तुम्ही पहिल्या कपातीच्या चार महिने आधी ठेव केलीत, ते योग्यच. मी घोषणेच्या दिवशीच्या धावपळीबद्दल बोलतोय.

कुपवाडकर
संकेत नीट वाचणं दोघांनाही वाटतं तेवढं सोपं नाही. 6 जूनला दर अर्धा टक्का उतरला, पण त्याच निवेदनात भूमिका ‘अ‍ॅकोमोडेटिव्ह’ (कपातीकडे झुकलेली) वरून परत ‘तटस्थ’ झाली. म्हणजे पुढे फार कपात धरू नका. लोकांनी आकडा वाचला, रोखेबाजाराने ते वाक्य वाचलं. पुढच्या आठवड्यांत दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड, म्हणजे आजच्या भावाने घेतल्यास मिळणारा परतावा, खाली न जाता वर सरकलं. यील्ड वर म्हणजे रोख्याचा भाव खाली. ड्युरेशन म्हणजे यील्ड एक टक्का हललं की भाव साधारण किती टक्के उलटा हलतो ते. सातच्या आसपास ड्युरेशन असलेल्या फंडात यील्ड पाव टक्का वाढलं की एनएव्ही (फंडाच्या एका युनिटची किंमत) साधारण पावणेदोन टक्के उतरते. ‘दर घटले की गिल्ट फंड वाढतो’ एवढंच ऐकून गेलेल्यांना याचा अर्थच लागेना. आणि ऑगस्ट, ऑक्टोबर थांबून 5 डिसेंबरला परत पाव टक्का कपात झालीच, रेपो 5.25. तरी यील्ड जूनच्या सुरुवातीपेक्षा वरच.

तासगाव_बेदाणा
आमच्याकडे वेगळंच दुखणं आहे. कोल्ड स्टोरेजमधल्या बेदाण्यावर तारण कर्ज काढून माल थांबवणारे बरेच. समजा 200 रुपये किलोचा 25 टन माल, 50 लाख अडकले. व्याज अर्धा टक्का उतरलं तर वर्षाला 25,000 वाचतात, म्हणजे किलोमागे एक रुपया. तेवढा फरक सौद्यात एका बोलीत पडतो. तरी पतधोरण आलं की ‘आता थांबवायला परवडतं’ म्हणून माल धरणारे आहेत. त्यात ही कपात पोहोचते कुठे? ऑक्टोबर 2019 पासून व्यापारी बँकांना घरकर्जासारखी बदलत्या दराची नवी कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात, सहकारी बँकांना ते बंधन नाही. आमचं कर्ज सहकारी बँकेचं.

पेठेतली_सून
सगळे शेअर आणि रोख्यांवर बोलताय. आपल्या गावात दर उतरल्यावर खरी हालचाल होते ती बँकेतली ठेव मोडून पतसंस्थेकडे जाण्याची. ‘तिथं अजून नऊ टक्के देतात’ एवढं एक वाक्य पुरतं. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, डीआयसीजीसीचं (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचं) 5 लाखांपर्यंत विमा कवच आहे, 4 फेब्रुवारी 2020 पासून. पतसंस्था ही बँक नव्हे, तिथं हे कवच नाही. आमच्या गल्लीत एका विधवा मावशींनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली सगळी रक्कम अशीच एका पतसंस्थेत नेली. आता महिन्याला ठरावीक चार-पाच हजारच हातात मिळतात, तेही रांगेत उभं राहून. मला याचा राग येतो. कुणी त्यांना शेजारी बसवून हा फरक सांगितला नाही.

मिरज_जंक्शन
वाईट झालं. पण सगळ्या पतसंस्थांना एका माळेत ओवू नका. भाजी विकणाऱ्या बाईला दोन दिवसांत 20,000 कोण देतं? पिग्मीवाला रोज दारात येतो म्हणून तिची बचत होते. बँका एवढे कमी दर देणार असतील तर माणूस दुसरीकडे बघणारच.

पेठेतली_सून
कर्ज घ्या, पिग्मी भरा, नाही कुठं म्हटलंय. पण आयुष्यभराची पुंजी दोन-अडीच टक्के जादा मिळतात म्हणून तिथं नेऊ नका. 10 लाख असतील तर नवरा-बायकोच्या वेगवेगळ्या नावांनी दोन बँकांत करा, पाच-पाच लाख. व्याजही त्या पाच लाखांतच धरतात, म्हणून थोडे कमीच ठेवा.

विश्रामबागकर
हे मात्र पतधोरणाच्या दिवशी ग्रुपवर टाकण्यासारखं आहे. पुढच्या बैठकीला शेअरच्या मेसेजऐवजी मी हेच टाकतो. कुपवाडकर, ड्युरेशनचं गणित सोप्या भाषेत लिहून द्याल का? सोबत जोडतो.