मदत हवी आहे : प्रगतीपुस्तकात 'आध्यात्मिक वाढ' हा रकाना कसा भरायचा?

घंटानाद (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका जुन्या मिशन शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित, अल्पसंख्याक दर्जाची. नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनीही कृपया लिहू नये.

वर्गात ख्रिस्ती मुलं मूठभर, बाकी हिंदू, मुस्लिम, जैन. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि जोडीला बायबलमधलं एक वचन, एक प्रार्थना. आठवड्यातून एकदा शास्त्राचा (म्हणजे बायबलचा) तास असतो, तेव्हा ख्रिस्ती मुलं माझ्याकडे येतात आणि बाकीची मूल्यशिक्षणाला जातात. वर्षानुवर्षं असंच चाललंय, कुणाची तक्रार नाही.

यंदा संस्थेने ठरवलंय की ख्रिस्ती मुलांची 'आध्यात्मिक वाढ' प्रगतीपुस्तकात दिसली पाहिजे. हेतू वाईट नाही. इमारतीवर क्रूस आहे, पण आत मुलांच्या विश्वासाचं काय होतंय, असं सभेत कुणी वडीलधाऱ्यांनी विचारलं म्हणे. प्रश्न रास्त आहे. पण त्यातून जो तक्ता हातात पडलाय त्यात रकाने असे : उपासनेला हजेरी, पाठ वचनांची संख्या, परिपाठात मोठ्याने प्रार्थना केली का. आणि शेवटी या सगळ्यावरून श्रेणी. भरायचं काम माझ्याकडे.

आता माझी पंचाईत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) एक मुलगा आहे, बायबलमधल्या १ करिंथकरांस पत्राचा १३ वा अध्याय एका दमात म्हणतो, कुठे अडखळत नाही. प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, सगळं पाठ. तक्त्याप्रमाणे त्याला अ-१ द्यावी लागेल. वर्गातल्या एका तोतऱ्या मुलाची हुबेहूब नक्कल करून हशा पिकवणाराही तोच. दुसरी एक मुलगी. गेल्या वर्षी तिचे पप्पा आजारी होते तेव्हा आम्ही सगळ्यांनी परिपाठात त्यांच्यासाठी प्रार्थना केली होती. ते गेले. ती आता शास्त्राच्या तासाला येते, बसते, पण डोळे मिटत नाही आणि 'आमेन' म्हणत नाही. एकदा एवढंच म्हणाली, "बाई, सगळ्या शाळेने मागितलं होतं ना?" तिच्या रकान्यात काय लिहू? 'प्रगती असमाधानकारक'?

आणखी एक भानगड. माझी मूठभर मुलंही एका चर्चची नाहीत. काही सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट), त्यांना छापील उपासनेची सवय. काही कॅथलिक, ती क्रूसाची खूण करतात. काही अलीकडच्या प्रार्थना मंडळ्यांमधली, ती हात वर करून खणखणीत प्रार्थना करतात. 'मोठ्याने प्रार्थना' या रकान्यात तिसऱ्या गटाला आपोआप पैकीच्या पैकी पडणार!

श्रेणी देणार नाही असं सरळ सांगून मोकळं व्हावं, तर मग मुलांच्या विश्वासासाठी शाळेने करायचं तरी काय, हा मूळ प्रश्न उरतोच. कुणी शिक्षक, पाळक, पालक असतील तर अनुभव सांगा. 'धर्म शाळेत हवाच कशाला' हा वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

कट्ट्यावरचा

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही तोच तक्ता द्या. पाठ वचनांची संख्या बघून पुढच्या सभेत विषयच निघणार नाही.

घंटानाद

@कट्ट्यावरचा, मोह झाला होता. नोकरी आहे हो.

माजी मुख्याध्यापिका

मी सातारा जिल्ह्यात आयुष्यभर शिकवलं, त्यातली बरीच वर्षं मिशनच्याच शाळेत. आधी त्या मुलीबद्दल बोलते, कारण तक्ता थांबू शकतो, ती थांबू शकत नाही.

तिला उत्तर देऊ नका. 'देवाची योजना', 'त्यांना देवाने बोलावलं', यातलं काही नको. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली आणि त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, अवाक्षर बोलले नाहीत. तिथवर त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं, आणि शेवटच्या अध्यायात देव त्यांच्यावरच रागावतो. शास्त्राच्या तासाला आपण ईयोबाची सहनशीलता शिकवतो आणि मधले पस्तीस-चाळीस अध्याय, ज्यांत तो देवाशी भांडतो, ते गाळून टाकतो. मुलांना वाटतं भांडणं म्हणजे पाप.

तिला स्तोत्रसंहितेतलं १३ वं स्तोत्र वाचायला द्या. 'किती वेळ' अशीच त्याची सुरुवात आहे. ८८ वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, कुठे उजेड येत नाही. ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही. हे बघ, असंही म्हणता येतं, एवढं तिला कळलं तरी खूप झालं. वाचून झाल्यावर अर्थ सांगत बसू नका. आणि 'आमेन' म्हणत नाही म्हणता, पण तासाला येते आहे, हे माझ्या लेखी मोठं आहे.

मात्र एका बाबतीत तुमच्याशी सहमत नाही. पाठांतराला नावं ठेवू नका. दहा-बारा वर्षांचं मूल जे पाठ करतं ते त्याला त्या वयात कळत नाही हे खरं, पण चाळिशीत दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर २३ वं स्तोत्र कुठून तरी वर येतंच. तेव्हा पुस्तक हाताशी नसतं. पाठांतर जरूर घ्या, फक्त त्याला बक्षीस आणि श्रेणी लावू नका. त्या नकलाकार मुलाचा १३ व्या अध्यायाशी संबंध बक्षिसापुरताच जुळलेला दिसतो.

पायरीवरचा वकील

कायद्याची बाजू थोडक्यात. संविधानाचं कलम २८(३) : शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची कुणावरही सक्ती करता येत नाही, विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. कलम ३० मुळे अल्पसंख्याकांना शाळा स्थापून चालवायचा हक्क आहे, पण त्याने २८(३) पुसलं जात नाही. बहुतेक शाळा हे फक्त अन्य धर्मीय मुलांपुरतं समजतात. तसं नाही, ख्रिस्ती मुलाच्या पालकांनाही ते लागू आहे. प्रवेशाच्या वेळी मराठीत साधा संमतीचा कागद घ्या, आणि नाही म्हणणाऱ्याचं मूल त्या वेळात कुठे बसेल हे त्यातच लिहा. व्हरांड्यात उभं करू नका, ती शिक्षा दिसते.

परिपाठात कुणी प्रार्थना म्हणत नसेल पण शांत उभं असेल तर त्याला बोलू नये. १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला आठवा. केरळातल्या तीन मुलांना राष्ट्रगीत म्हणत नाहीत म्हणून शाळेतून काढलं होतं. ती अदबीने उभी राहत होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. तिथे राष्ट्रगीत होतं, इथे तर प्रार्थना आहे.

श्रेणीबद्दल माझं मत : शाळेच्या अधिकृत प्रगतीपुस्तकात मुलाच्या श्रद्धेवर शेरा मारणं म्हणजे उद्याचं भांडण आज लिहून ठेवणं. संस्थेला हवं तर हेच वाक्य माझ्या नावावर खपवा.

खणभागकर

मी माजी विद्यार्थी, हिंदू. तुमची आणि माझी शाळा बहुधा एकच, पण लिहीत नाही.

परिपाठातली प्रार्थना मला शब्दाने आठवत नाही, खरं सांगतो. २०१९ चा महापूर मात्र आठवतो. शाळेत पूरग्रस्त राहायला होते. आम्ही वरच्या वर्गातली पोरं आलेल्या कपड्यांचे ढीग निवडत होतो. लोकांनी काय काय पाठवलं होतं, फाटक्या साड्या, बटणं तुटलेले शर्ट. एक बाई शेजारी बसून निवडत होत्या. प्रत्येक कपडा हातात घेऊन एकच विचारायच्या, "हे तू घालशील का?" नाही म्हटलं की तो पायपुसण्यांच्या ढिगात. देवाचं नाव काढलं नाही की वचन सांगितलं नाही. त्या ख्रिस्ती होत्या आणि हे त्यांच्या श्रद्धेतून येत होतं हे कळायला मला काही वर्षं गेली.

तुमच्या तक्त्यात याला रकाना आहे का?

कट्ट्यावरचा

करू नका तो रकाना. 'सेवाकार्य : तास किती' असा झाला की पोरं पुराची वाट बघतील.

खणभागकर

@कट्ट्यावरचा 😄 मान्य.

मेंढपाळ

मी पाळक आहे, याच भागात. माझा सूर जरा वेगळा लागेल.

नोंद अजिबात नको असं मला वाटत नाही. मागे एका शिक्षकांनी मला सहज सांगितलं, की अमुक मुलगा हल्ली गप्प असतो, रविवारी दिसतो का? मी घरी गेलो तेव्हा कळलं की वडिलांचं काम सुटलंय आणि लाजेने कुटुंबच उपासनेला येत नव्हतं. शिक्षकाचं लक्ष नसतं तर मला पत्ता लागला नसता. तेव्हा बघणं आणि लिहून ठेवणं यात वाईट काही नाही. लिहून त्याचं पुढे काय करता हा प्रश्न आहे.

दुसरं, शाळेने चर्चचं काम अंगावर घेऊ नये. बाप्तिस्मा, दृढीकरणाची तयारी, प्रभुभोजन हे ज्या त्या मंडळीने बघावं. तुमच्याकडे तीन तऱ्हेची मुलं आहेत ही मी अडचण मानत नाही. सगळ्यांना सामाईक असलेलं घ्या : प्रभूची प्रार्थना, दाखले, डोंगरावरचं प्रवचन. आणि त्यांना एकमेकांना विचारू द्या, तू क्रूसाची खूण का करतोस, तू हात वर का करतेस. मुलं मोठ्यांपेक्षा बरी बोलतात यावर. 'मोठ्याने प्रार्थना' या रकान्याला तर मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्यायच उत्तर आहे, खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितलंय तिथे. संस्थेच्या सभेची सुरुवात शास्त्रवाचनाने होत असेलच, त्या दिवशी तोच भाग सुचवून बघा.

प्रश्नांसाठी एक पेटी ठेवा, नाव न लिहिता. महिन्यातून एक तास फक्त त्या चिठ्ठ्यांचा. मी आमच्या शब्बाथ शाळेत (चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) हे करतो. डायनासोर शास्त्रात का नाहीत इथपासून माझी हिंदू मैत्रीण नरकात जाणार का इथपर्यंत काहीही येतं. काहींना 'मला माहीत नाही' असं सांगावं लागतं. पोरं त्यावर नाराज होत नाहीत, उलट जास्त चिठ्ठ्या येतात.

त्या लेकराबद्दल बाईंनी लिहिलंय त्यापलीकडे एकच. येशू पुन्हा उठला यावर त्याचा शिष्य थोमाने विश्वास ठेवायला नकार दिला, आणि तरी आठ दिवसांनी तो बाकीच्यांबरोबर त्याच घरात होता. कुणी त्याला बाहेर काढलं नव्हतं.

पायरीवरचा वकील

@मेंढपाळ, पास्टरसाहेब, सगळं पटलं. एक पुरवणी. मुलाशी एकट्याने बोलायची वेळ आली तर दार उघडं असू द्या आणि दुसऱ्या कुणाला माहीत असू द्या. शिक्षक असो, पाळक असो, बाहेरून आलेला वक्ता असो. २०१२ चा पॉक्सो कायदा (बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा) आहेच, शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समितीही असते, त्यांना विचारून नियम लिहून काढा. 'आध्यात्मिक समुपदेशन' म्हटलं की लोक हे विसरतात.

मेंढपाळ

बरोबर. आमच्याकडे हा नियम आहे, प्रत्येक ठिकाणी असेल असं म्हणवत नाही.

घंटानाद

सगळ्यांचे आभार. पाठांतराचं बाईंचं म्हणणं पटलं, तिथे मी जरा घाईने बोलले.

पास्टरांच्या प्रतिसादावरून एक सुचलंय, ठीक वाटतं का बघा. मुलांच्या नावापुढे श्रेणी न देता मीच एक वही ठेवायची. ती प्रगतीपुस्तकात जाणार नाही, संस्थेलाही मुलांची नावं दिसणार नाहीत. संस्थेला सहामाहीला कळेल ते एवढंच : आम्ही शिक्षकांनी काय केलं. किती घरी गेलो, चिठ्ठ्यांच्या तासाला काय विषय आले, कुठल्या मुलाबद्दल त्याच्या मंडळीशी बोललो (नाव न घेता), पुढे काय करायचंय. म्हणजे तक्ता राहील, पण तपासणी आमची होईल.

नकलाकाराला मात्र श्रेणीशिवायच हाताळायचंय. पुढच्या नाट्यवाचनाला त्याची आणि त्या तोतऱ्या मुलाची जोडी लावतेय. गाताना आणि सुरात वाचताना तो मुलगा अडखळत नाही, हे कुणाला फारसं ठाऊक नाही.

माजी मुख्याध्यापिका

वही उत्तम. सहकारी कुरकुरतील, तयारी ठेवा. जोडीबद्दल आधी त्या मुलाला विचारा, त्याला नको असेल तर नको. नकलाकाराला धडा शिकवण्यासाठी त्याला वापरल्यासारखं व्हायला नको.

घंटानाद

हो, विचारते. बरोबर आहे.

आता शेवटचं. परिपाठासाठी गाणं सुचवा. सगळ्यांना म्हणता येईल असं, पण अगदीच 'सर्वधर्मसमभाव' छापाचं मिळमिळीत नको. इंग्रजी भाषांतरित गाण्यांच्या चाली मुलांच्या गळ्यात बसत नाहीत.

मेंढपाळ

'उपासना संगीत' काढा आणि रेव्हरंड टिळकांची पदं बघा. नारायण वामन टिळक अभंगाच्या वळणावर लिहायचे ते यासाठीच. मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, त्यातही बाप्तिस्मा न घेतलेल्यांना जागा ठेवली होती. तुमच्या परिपाठाला शोभेल असा माणूस. भजनी ठेक्यावर म्हणा, वारकरी घरातली पोरं दुसऱ्या दिवशी तुमच्या ख्रिस्ती मुलांपेक्षा चांगली म्हणतील. आणि घरातल्या घरात विश्वासाला किती वेळ लागतो याचा दाखला हवा असेल तर तोही तिथेच आहे : टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी.

घंटानाद

हे माझ्या इतिहासाच्या तासालाही चालेल. पण पेटीचा भाता फाटलाय, दोन सूर बोलतच नाहीत. संस्थेकडे मागितलं तर पुढच्या अंदाजपत्रकात बघू म्हणतील.

खणभागकर

मिरजेत तंतुवाद्यवाल्यांच्या गल्लीजवळ माझ्या ओळखीचे एक कारागीर पेटी दुरुस्त करतात. शनिवारी शाळा सुटल्यावर घेऊन जाऊ, माझ्याकडे छोटा टेम्पो आहे. खर्चाचं आम्ही माजी विद्यार्थी बघतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.