मुलाच्या घरासाठी किती पैसे द्यावेत?

बोरिवलीची आई : मुलगा २९ वर्षांचा, नोकरी पक्की. कांदिवलीत ९० लाखांचा रिसेलचा वन बीएचके बघतोय. आमचे ३० लाख सरकारच्या सीनियर सिटिझन बचत योजनेत आहेत, शिवाय एफडीत १४. बँक मला सहकर्जदार व्हायला सांगते आहे. किती द्यावेत? हप्त्यालाही हातभार लावावा का? मुलगीही आहे, तिचं लग्न झालंय.

पासबुक : ताई, आधी त्याला एकूण किती लागतात ते कागदावर मांडा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे ७२ लाख. उरले १८. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ५ लाख ४० हजार, आणि नोंदणी ३० हजार. हा खर्च कर्जात धरत नाहीत. फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते ते ट्रान्सफर प्रीमियम (कमाल २५ हजार) आणि दलाली वेगळी. मुलं १८ धरून चालतात आणि ऐन नोंदणीच्या आठवड्यात वरच्या सहा लाखांसाठी घरच्यांकडे बघतात.

सीनियर सिटिझनच्या खात्याला हात लावू नका. ८.२ टक्क्यांनी त्याचं तिमाहीला ६१,५०० व्याज येतं, त्यावर तुमची चूल चालते. त्यातून थोडेसे काढता येत नाहीत, खातं पूर्ण बंद करावं लागतं. दुसऱ्या वर्षात मोडलं तर मुद्दलातून दीड टक्का कापतात, त्यानंतर एक टक्का. एफडीतले ६ लाख दुखण्याखुपण्याला राखून ठेवा. राहिले ८, तेवढेच द्या. एकूण साधारण २४ लागतात, त्यातले बाकीचे १६ त्याच्याकडे नसतील तर त्याने विरारकडे सरकावं किंवा दोन वर्षं थांबावं.

गिरणगाव : हप्त्याला मदत अजिबात नको. ती एकदा सुरू झाली की थांबवायची कधी, हे कुणालाच ठरवता येत नाही. ७२ लाखांचा २० वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी सुमारे ६२,५०० बसतो. मेंटेनन्स धरून ६७ हजार. सहा महिने याची तालीम करायला लावा. पगार झाला की दुसऱ्याच दिवशी ६७ हजार वेगळ्या खात्यात, आणि किराणा-वीजबिलाचा त्याचा वाटाही त्यानेच भरायचा. तालीम गणपती-दिवाळीत मोडते, म्हणून ते महिने त्यात येऊ द्याच. निभावलं तर ४ लाख २ हजार साठलेले असतील, ते डाउन पेमेंटला लागतील. नाही निभावलं तर महिन्याला सरासरी जेवढं साठलं तेवढाच त्याचा खरा हप्ता, कर्ज त्या बेताने घ्यावं.

दस्तलेखक : सहकर्जदार म्हणजे पूर्ण कर्जाची जबाबदारी, अर्ध्याची नव्हे. हप्ता चुकला तर तुमचाही सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) घसरतो. शिवाय निवृत्त सहकर्जदाराच्या वयामुळे बँक मुदत कमी करू शकते, मग हप्ता उलट वाढतो.

८ लाख चेकने किंवा एनईएफटीने द्या. सोबत साधं पत्र करा : ‘भेट, परतफेडीची अपेक्षा नाही’, रक्कम, तारीख, चेक नंबर, दोघांच्या सह्या. आईने दिलेल्या भेटीवर मुलाला कर नाही, आणि बँकही हे पत्र मागते. उसने देत असाल तर तसं लिहा. नुसतं ‘बघू नंतर’ म्हटलं की तुम्ही उसने धरता, तो भेट धरतो, आणि उद्या येणाऱ्या सुनेला यातलं काहीच ठाऊक नसतं.

मुलीला आकडा आजच सांगा. हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर उरलेल्याचे समान वाटे पडतात, आधी दिलेले ८ लाख आपोआप वळते होत नाहीत. तिला तेवढं जास्त द्यायचं असेल तर मृत्युपत्रात लिहा. दोन साक्षीदार हवेत, नोंदणी सक्तीची नाही.

बोरिवलीची आई : राहतं घर आत्ताच त्याच्या नावावर केलं तर स्वस्त पडतं म्हणतात. करावं का?

दस्तलेखक : नको, ताई. मुलाला राहतं घर बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपयेच, म्हणून मोह होतो. पण बक्षीसपत्र परत घेणं सोपं नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ आधार देतं, मात्र तुमचा सांभाळ करण्याची अट दस्तात स्पष्ट नसेल तर न्यायाधिकरणापुढे अडचण येते. करायचंच झालं तर ती अट आणि तहहयात राहण्याचा तुमचा हक्क, दोन्ही शब्दांत लिहून घ्या. तोवर घराचं, सोसायटीने दिलेलं शेअर सर्टिफिकेट तुमच्याच नावावर आणि तुमच्याच कपाटात राहू द्या.