अमेरिकेतील शहरे जगाला ठाऊक, राज्ये मात्र अनोळखी?

नकाशावेडा (धागाकर्ता)

अमेरिकेत पन्नास राज्ये आहेत. आपल्याकडील एखाद्या सुशिक्षित माणसाला त्यांची नावे विचारली, तर कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी इथपर्यंत तो सहज येतो, अलास्का आणि हवाई थोड्या विचाराने आठवतात आणि तिथे गाडी अडते. त्याच माणसाला शहरे विचारावीत, म्हणजे शिकागो, बोस्टन, सॅन फ्रान्सिस्को, सिअ‍ॅटल, ह्यूस्टन, डेट्रॉइट, लास वेगास, मायामी अशी नावे तो भराभर सांगतो. मात्र शिकागो इलिनॉयमध्ये, डेट्रॉइट मिशिगनमध्ये आणि लास वेगास नेवाडामध्ये आहे, हे त्याला सांगता येत नाही. मी अनेक वर्षे शाळेत भूगोल शिकवला आणि विद्यार्थ्यांमध्येच नव्हे, तर सहकाऱ्यांमध्येही मला हेच आढळले.

माझे म्हणणे असे, की अमेरिकेबाहेर प्रसिद्धी शहरांच्या वाट्याला येते आणि राज्ये त्यांच्या सावलीत राहतात. ओहायोची लोकसंख्या स्वीडनपेक्षा जास्त आहे. पण स्वीडन जगभर ठाऊक आहे आणि ओहायो नाही. याचे एक कारण मला तिथल्या राजधान्यांमध्ये दिसते. इलिनॉयचा कारभार शिकागोतून नव्हे, तर स्प्रिंगफील्डमधून चालतो. पेनसिल्व्हेनियाचा फिलाडेल्फियातून नव्हे, तर हॅरिसबर्गमधून. फ्लोरिडाचा मायामीतून नव्हे, तर टॅलाहासीमधून. आपल्याकडे मुंबईची बातमी आली की तिच्यासोबत महाराष्ट्र शासनही येते. तिकडे मोठ्या शहराच्या बातमीबरोबर राज्याचे नाव प्रवास करत नाही. आपणांस हे पटते का?

सह्यवारा

निरीक्षण बरोबर आहे, पण कारण पटले नाही. बोस्टन ही मॅसॅच्युसेट्सची राजधानीही आहे आणि तिथले सर्वांत मोठे शहरही; तरीही मॅसॅच्युसेट्स हे नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? अटलांटा जॉर्जियाची, डेन्व्हर कोलोरॅडोची आणि फिनिक्स अ‍ॅरिझोनाची राजधानी आहे. तिथेही शहर पुढे गेले आणि राज्य मागे राहिले. तेव्हा राजधानीचा धागा इथे फार ताणला जात नाही.

माझा मूळ आक्षेप मात्र 'जगाला ठाऊक' या शब्दांवर आहे. सगळ्या जगाची मिळून अमेरिकेची एकच ओळख नसते. ज्या समाजाचा जिथे संबंध आला, ते ठिकाण त्या समाजाला ठाऊक असते. सोमाली लोकांना मिनियापोलिस जवळचे आहे, कारण त्यांची मोठी वस्ती मिनेसोटात आहे. मिशिगनमधील डिअरबॉर्न अरब जगात परिचित आहे. पोलंडमधील कुटुंबांना शिकागो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मेक्सिकोतील माणसाला तर टेक्सास आणि कॅलिफोर्निया ही परदेशातील नावेही वाटणार नाहीत, कारण १८४८ पर्यंत कॅलिफोर्निया मेक्सिकोचाच भाग होता आणि टेक्सास त्याच्या थोडे आधी तुटले होते.

आपलेच पाहा. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी बोस्टनच्या संस्थेचे होते. १८३० च्या दशकात मुंबईत बर्फ येत असे, तोही जहाजाने बोस्टनहून. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली, लिव्हरपूलला तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला. त्या व्यापारात न्यू ऑर्लिन्स हे नाव कापसाच्या प्रतीचे नाव म्हणून वावरत होते आणि धारवाड भागात तिकडचेच बियाणे रुजवले जात होते. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या आणि पुढे तीन वर्षांनी त्यांचे अमेरिकेवरील मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. टीव्ही आणि चित्रपट येण्यापूर्वी कितीतरी आधी मराठी वाचकाच्या अमेरिकेत फिलाडेल्फिया होते आणि लास वेगास नव्हते.

तर्कसंगत

सह्यवारा यांनी दिलेली उदाहरणे मोलाची आहेत, पण त्यांतून निघालेला निष्कर्ष मला मान्य नाही. कापसाचे दलाल, मिशन शाळांत शिकलेली माणसे आणि पुण्या-मुंबईचे मोजके वाचक म्हणजे मराठी समाज नव्हे. आनंदीबाईंमुळे फिलाडेल्फिया हे नाव कानांवर असणाऱ्यांपैकी किती जणांना ते पेनसिल्व्हेनियात आहे आणि तिथेच १७७६ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, हे ठाऊक असते? नाव ऐकलेले असणे आणि ठिकाण ठाऊक असणे यांत अंतर आहे, आणि या चर्चेत आपण ते सतत विसरत आहोत.

आज जगभर जी ओळख आहे ती कॅमेऱ्याने घडवलेली आहे. न्यूयॉर्कची उंच इमारतींची रांग, सॅन फ्रान्सिस्कोचा तांबूस पूल आणि लास वेगासची रोषणाई यांची चित्रे नैरोबीतही तीच आहेत आणि नागपुरातही तीच. त्याखालोखाल एखादी घटना शहराला कायमची चिकटते. डॅलस म्हटले की २२ नोव्हेंबर १९६३ रोजी झालेली केनेडी यांची हत्या, मेम्फिस म्हटले की १९६८ मध्ये झालेली मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या, न्यू ऑर्लिन्स म्हटले की २००५ चे कतरीना वादळ, मिनियापोलिस म्हटले की २०२० मध्ये पोलिसांच्या हातून झालेला जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू. यांपैकी कोणत्याही प्रसंगी टेनेसी, लुइझियाना किंवा मिनेसोटा हे नाव लोकांच्या तोंडी बसले नाही. घटना रस्त्यावर, चौकात, इमारतीत घडते आणि म्हणून ती शहराची होते. धागाकर्त्यांचे कारण चुकले असेल, पण त्यांचे विधान खरे आहे.

भीमाकाठ

तर्कसंगत यांच्या एका वाक्याचे मला वाईट वाटले. अमेरिकेतील शहराची ओळख मोजक्या वाचकांपुरतीच होती, असे म्हणताना आपण एक फार मोठा समाज वगळलात. बाबासाहेब १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून एम. ए. झाले आणि त्याच विद्यापीठाने १९५२ मध्ये त्यांना सन्माननीय पदवी दिली. हे आमच्या वस्तीत जयंतीच्या भाषणांतून दरवर्षी सांगितले जाते. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण न्यूयॉर्क आणि कोलंबिया हे दोन्ही शब्द तिला ठाऊक होते, आणि तिथे बाबासाहेबांना कोणी जात विचारली नाही, हे ती आम्हा नातवंडांना आवर्जून सांगत असे. तिने त्या शहराचे चित्र कधी पाहिले होते का, मला आठवत नाही. तिच्यासाठी न्यूयॉर्क हे उंच इमारतींचे शहर नव्हते, माणसाला माणूस म्हणून शिकू देणारे शहर होते. ही ओळख कॅमेऱ्याने दिलेली नाही, आणि 'नुसते नाव ऐकलेले' एवढ्यात ती बसतही नाही.

तर्कसंगत

आपले म्हणणे मी मान्य करतो आणि 'मोजके वाचक' हे शब्द मागे घेतो. शहर पुढे आणि राज्य मागे या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. आपल्या आजींच्या आठवणीतही न्यूयॉर्क आले ते शहर म्हणूनच.

पश्चिमकिनारा

मी गेली चौदा वर्षे वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलजवळ राहते. भारतात आल्यावर मी 'वॉशिंग्टन' म्हटले की जवळचे नातेवाईकसुद्धा व्हाइट हाउसची चौकशी करतात, आणि आमचे घर तिथून सुमारे पावणेचार हजार किलोमीटर दूर आहे. १८५३ मध्ये या प्रदेशाला खरे तर कोलंबिया हे नाव द्यायचे होते, पण राजधानीच्या डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाशी गोंधळ होईल म्हणून अमेरिकी संसदेने ते बदलून वॉशिंग्टन केले. गोंधळ टाळण्यासाठी निवडलेल्या नावाने त्याहून मोठा गोंधळ केला आणि तो आम्ही दररोज निस्तरतो. जॉर्जियाचेही तसेच, कारण त्या नावाचा एक देशही आहे. कॅन्सस सिटी हे मोठे शहर तर कॅन्ससमध्ये नसून मिसुरीत आहे. त्याच नावाचे लहान शहर पलीकडे कॅन्ससमध्ये आहे. राज्यांची नावे परदेशात रुजत नाहीत, त्याला हा नामसाधर्म्याचा घोळही थोडाफार कारणीभूत आहे.

तरीही धागाकर्त्यांशी मी सहमत नाही. अमेरिका चित्रात पाहणाऱ्याला शहर पुरते. तिथे मूल पाठवणाऱ्याला राज्य कळावेच लागते. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत शिकणारे भारतीय विद्यार्थी ३ लाख ३१ हजारांहून अधिक होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत आपली संख्या सर्वांत मोठी ठरली. त्यांचे पालक शहराचे नाव नंतर शिकतात. इंडियाना म्हणजे पर्ड्यू, अ‍ॅरिझोना म्हणजे तिथले राज्य विद्यापीठ, इलिनॉय म्हणजे अर्बाना-शॅम्पेन, असे त्यांच्या बोलण्यात येते. राज्य विद्यापीठांत त्या राज्याच्या रहिवाशांना शुल्क कमी असते, हे त्यांना पहिल्याच महिन्यात समजते. पुढे नोकरी लागली की टेक्सास आणि वॉशिंग्टनमध्ये पगारावर राज्याचा आयकर नाही आणि कॅलिफोर्नियात तो बराच आहे, हेही घरी फोनवर सांगितले जाते. नाशिक-सोलापूरच्या घरांतून आज इंडियाना आणि अ‍ॅरिझोना ही नावे ऐकू येतात. ही माहिती कामातून आलेली आहे आणि म्हणून ती टिकते.

खाडीपलीकडे

मी गुहागर तालुक्यातला आहे, म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. १९९० च्या दशकात आमच्या अंजनवेल-वेलदूर भागात एन्रॉनचा वीज प्रकल्प आला. करार झाला, १९९५ मध्ये युती सरकारने तो रद्द केला, पुन्हा वाटाघाटी झाल्या, १९९९ मध्ये पहिल्या टप्प्यातील वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मूळ कंपनीनेही दिवाळखोरी जाहीर केली. आमच्या आयुष्यावर परिणाम करणारे हे निर्णय ह्यूस्टनमध्ये घेतले जात होते. सह्यवारा यांचा नियम लावला, तर जिथे संबंध आला ते ठिकाण आमच्या तालुक्यातील प्रत्येकाला ठाऊक असायला हवे होते. तसे झाले नाही. एन्रॉन हा शब्द घराघरांत पोचला, त्याच्या बाजूने आणि विरोधात माणसे विभागली गेली, पण ह्यूस्टन वर्तमानपत्रातच राहिले आणि टेक्सास तर तिथेही फारसे आले नाही.

संबंध आला तरी जागेचे नाव पोचतेच असे नाही, कारण मध्ये कंपनी उभी असते. वॉलमार्टने २०१८ मध्ये फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा घेतला, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी आर्कान्सामधील बेंटनव्हिल हे नाव ऐकले? उलट शेअर बाजारात रस असणारे लोक ओमाहा आदराने उच्चारतात, कारण तिथे वॉरन बफे नावाचा एक माणूस राहतो. नेब्रास्का मात्र त्यांनाही आठवत नाही.

नकाशावेडा (धागाकर्ता)

बोस्टनच्या उदाहरणानंतर राजधान्यांचे कारण मी सोडून देतो. खाडीपलीकडे यांनी मांडलेला कंपनीचा मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पश्चिमकिनारा यांना मात्र एक विचारावेसे वाटते. पालकांना इंडियाना ठाऊक होते, हे खरे. पण ते तिथल्या एका विद्यापीठाचे दुसरे नाव म्हणून. त्या राज्याची शेती, नद्या, कारखाने यांपैकी काही त्यासोबत येते का? निवडणुकीतही तेच घडते. २००० मध्ये फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांनी लागला आणि अध्यक्ष ठरला, २०२० मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि जॉर्जियाची मतमोजणी आपण रात्र जागून पाहिली, आणि महिन्याभरात त्या राज्यांचा विषयही संपला.

पश्चिमकिनारा

नद्या आणि कारखाने ठाऊक असणे ही आपली कसोटी असेल, तर ती शहरांनाही लावावी लागेल. शिकागो म्हटल्यावर आपल्याकडे १८९३ ची सर्वधर्म परिषद आणि स्वामी विवेकानंद आठवतात. ते शहर मिशिगन सरोवराच्या काठी आहे, हे किती जण सांगतात? शहराला एका आठवणीवर उत्तीर्ण करायचे आणि राज्याकडे सगळा भूगोल मागायचा, हा न्याय मला पटत नाही.

सह्यवारा

धागाकर्त्यांच्या पहिल्या यादीकडेही पुन्हा पाहायला हवे. त्यांनी ठाऊक असलेल्या राज्यांत न्यूयॉर्क धरले आहे. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात ९ जूनला भारत-पाकिस्तान सामना 'न्यूयॉर्कला' झाला, असे आपण सगळे म्हणतो. ते मैदान न्यूयॉर्क शहराच्या हद्दीबाहेर, नासाऊ काउंटीत होते. त्याच्या तीन दिवस आधी मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रवळकरने सुपर ओव्हर टाकून अमेरिकेला पाकिस्तानवर विजय मिळवून दिला, तो सामना आपण डॅलसचा म्हणतो आणि मैदान ग्रँड प्रेअरी या वेगळ्या शहरात होते. आनंदीबाईंच्या अस्थी ज्या पोकीप्सी गावात कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या आहेत, तेही न्यूयॉर्क राज्यातच आहे, शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटर उत्तरेला. मग न्यूयॉर्क हे राज्य आपल्याला ठाऊक आहे, असे आपण नेमके कशावरून मोजले?